भिंतीला टेकलेला हात

हाताला ऐकू येतं हे शाल्मली गावंडच्या ध्यानात आलं, तेव्हा ती आनंदानं खुर्चीतून उठून उभी राहिली होती. पुढे जे झालं ते झालं, पण सुरुवात एका चांगल्या कामानं झाली होती, हे कुणालाही मान्य करावं लागेल.

'अगस्ती' या अंतराळस्थानकातून हवा गळत होती. गळती फार मोठी नव्हती. पण थेंबाथेंबानं टाकी रिकामी व्हावी तसा आतला दाब रोज किंचित उतरत होता आणि साठ्यातली हवा सोडून तो भरून काढावा लागत होता. आत दोन माणसं होती. त्यांनी फटी, झडपा, खिडक्यांच्या कडा सगळं चाचपून पाहिलं. गळती सापडेना.

स्थानकाची बाहेरची सगळी कामं एक यंत्रहात करी. लांबलचक, सात सांध्यांचा, दोन्ही टोकांना पंजे असलेला. एका पंजानं स्थानकाच्या भिंतीवरची कडी धरायची, दुसरा पंजा पुढच्या कडीपर्यंत न्यायचा, मग मागचा सोडायचा. असा तो सुरवंटासारखा स्थानकाच्या अंगावरून चालायचा. बिघडलेली पेटी काढायची, नवी बसवायची, सौरपंखा अडकला तर सोडवायचा. तो चालवणारी माणसं होती उरणच्या टेकडीवर, 'कक्षासेवा' कंपनीच्या नियंत्रण कक्षात. शाल्मली त्या गटाची प्रमुख होती.

हाताच्या मनगटात एक संवेदक होता. पंजा कशाला किती जोरात टेकला आहे, ते तो मोजायचा, तेही सेकंदाला हजारो वेळा. एवढ्या मोजण्यांची गरज कुणालाच नसे, म्हणून संगणक त्यांची सरासरी काढून बाकीचं फेकून द्यायचा. शाल्मलीनं विचार केला, ते फेकलेलं परत मिळालं तर? अंतराळात हवा नाही, म्हणून आवाज नाही. पण धातूतून आवाज जातो. चिंचोळ्या फटीतून हवा सुटताना ती भिंत बारीकशी थरथरत असणारच. मग पंजा भिंतीला टेकवायचा आणि डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसं एकेका जागी ऐकत जायचं.

आणि गळती सापडली. तिसऱ्या खिडकीच्या चौकटीमागे केसाएवढी चीर होती. आतून लेप लावून ती बुजवली. कंपनीत पेढे वाटले गेले.

स्थानकाचा प्रमुख नेल्सन तुस्कानो वरून म्हणाला, "शाल्मली, तुझ्या हाताला कान आहेत हे आधी सांगायचं होतंस. आम्ही जपून बोललो असतो."

सगळे हसले. शाल्मलीही हसली. पण दोन दिवसांनी ते ध्वनिमुद्रण पुन्हा चाळताना पंख्यांच्या आणि पंपांच्या घरघरीखाली तिला आणखी काहीतरी जाणवलं. चढणारं, उतरणारं, थांबणारं. माणसं बोलताना जसं होतं, तसं.

तिनं ते दिगंबर खारकरांना ऐकवलं. खारकर कंपनीचे कार्यसंचालक. कमी बोलणारे, समोरच्याचं वाक्य पूर्ण होईस्तोवर डोळे मिटून बसणारे गृहस्थ. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "शब्द काढता येतील?"

"येतील बहुतेक. पण सर, ते खासगी..."

"विमानाच्या कॉकपिटमध्ये बोललेलं सगळं नोंदलं जातं. वैमानिक तक्रार करतात का?"

"त्यांना ते माहीत असतं."

"यांनाही सांगू. आधी जमतंय का ते तर बघ." त्यांनी डोळे पुन्हा मिटले. "गळती लागल्यापासून दोघं फार मोजकं बोलतात. मला ते आवडत नाही."

जमलं. पण कसं जमलं ते नीट समजून घ्यायला हवं. भिंतीतून जाड, खालचे आवाज येतात. बारीक आवाज वाटेतच विरतात. म्हणजे 'आ', 'ओ', 'ऊ' पोचतात आणि 'स', 'त', 'क', 'च' गळून पडतात. उरतो तो नुसता हेल. शाल्मलीच्या गटानं एक प्रणाली बसवली. हेल आणि लय पाहून तिथं कुठले शब्द असण्याचा संभव जास्त, ते ती ठरवायची आणि गळालेली अक्षरं भरायची. तिला 'पूरक' म्हणत. ऐकणाऱ्यानं एखादं वाक्य बरोबर वाटतं अशी खूण केली की पूरक ते लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी तशा शब्दांना झुकतं माप द्यायची. नेल्सन आणि त्याचा सहकारी डॉ. ओजस देऊळगावकर यांचे रेडिओवरचे तासन्‌तासांचे आवाज कंपनीकडे होतेच. ते वापरून पूरक ही भरलेली वाक्यं त्या-त्या माणसाच्या आवाजात ऐकवायची.

कानाला यंत्र लावून शाल्मली बसली, आणि पहिलंच जे स्पष्ट वाक्य नेल्सनच्या आवाजात तिच्या कानावर पडलं ते असं होतं: "शाल्मलीला सांगू नकोस."

तिनं वाक्य पुन्हा ऐकलं. नेल्सनच तो. शेवटचा शब्द किंचित ओढण्याची त्याची वसईकडची लकब तिला सहा वर्षांच्या सहवासानं पाठ होती. या माणसाला तिनं हात चालवायला शिकवलं होतं. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ती वसईजवळच्या गासला, त्याच्या घरी जाऊन आली होती. तिनं वाक्यापुढे बरोबर अशी खूण केली.

"काय आहे?" खारकरांनी संध्याकाळी विचारलं.

"माहीत नाही. माझ्यापासून काहीतरी लपवताहेत."

"मग ऐकत राहा."

वरच्या दोघांना सांगण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. शाल्मलीनंही तो काढला नाही.

आता रोजचं काम उरकलं की हात मुक्कामाच्या कडीवर न जाता राहत्या कक्षाच्या भिंतीला पंजा टेकून उभा राहू लागला. रोज दोन-चार वाक्यं हाती लागत. "अजून कुणाला कळलेलं नाही." "मालयान येईपर्यंत थांबू." "डाव्या बाजूचं तिला दिसत नाही." यातल्या प्रत्येक वाक्याचे दोन-तीन अर्थ होत होते. शाल्मली त्यातला वाईट तेवढा घरी घेऊन जायची.

मालयान तीन आठवड्यांनी येणार होतं. गळतीत गेलेल्या हवेची भरपाई म्हणून भरलेल्या टाक्या त्यातून जाणार होत्या, म्हणून ते महत्त्वाचं. मालयान स्वतःहून स्थानकाला जोडलं जात नसे. ते जवळ येऊन तरंगत राही आणि हातानं त्याचा खुंटा अलगद पकडायचा असे. हे एकच काम जमिनीवरून होत नसे. उपग्रहांमार्फत संदेश वर जाऊन चित्र परत येईपर्यंत पाऊण सेकंद जातो, आणि तरंगती वस्तू पकडताना पाऊण सेकंद म्हणजे आंधळेपणा. त्यामुळे त्या वेळी हात आतून, नेल्सनच्या ताब्यात असे.

मग मालयान येईपर्यंत थांबायचं ते कशासाठी? हात ताब्यात आल्यावर हे दोघं काय करणार होते?

ती त्याला आडून विचारू लागली. "झोप लागते का रे?"

"लागते की. का?"

"सहज. ओजसशी पटतंय ना?"

"दुसरा पर्याय कुठाय? पाचशे पावलांत आम्ही दोघंच." तो हसला. "आज चौकशी फार. एचआरमध्ये बदली झाली का तुझी?"

पूर्वी या हसण्यात ती सामील झाली असती. आता तिला वाटलं, विषय किती सफाईनं बदलला.

आठवड्याभरानं त्यानंच विचारलं, "हात परत आमच्या भिंतीला का असतो गं? मुक्कामाची कडी मोडली काय?"

"चीर पुन्हा उघडत नाही ना, ते बघतेय."

"तीन नंबरच्या खिडकीची चीर झोपायच्या जागेवरून बघतेस?"

"कंपनं सगळीकडे पोचतात," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला त्याची जास्त लाज वाटली.

त्या दिवसापासून वरचे पंखे वेगानं फिरू लागले. ओजसनं कळवलं, कार्बन डायऑक्साइड साठतोय, हवा हलती ठेवतोय. आकडे तर नेहमीसारखेच होते. आवाज दडवायलाच पंखे लावले, याबद्दल शाल्मलीच्या मनात शंका उरली नाही. पंख्यांच्या घरघरीत हेल आणखी बुडाले, तरी गंमत अशी की पूरकची वाक्यं आता जास्त स्पष्ट येत होती. ती त्यांना खूण करत गेली.

नेल्सनची बायको लविना हिचा एका दुपारी फोन आला. सोनचाफ्याची बाग सांभाळणारी, तोंडावर बोलणारी बाई. "शाल्मली, तू त्याच्याशी रोज बोलतेस. मला खरं सांग. रविवारच्या फोनला तो कॅमेऱ्याकडे बघत नाही नीट. कायतरी बिनसलंय."

शाल्मलीनं गप्प राहायला हवं होतं. पण इतके दिवस मनात कोंडलेलं कुणाशी तरी बोलायची घाई झाली होती. "मलाही वाटतं गं. तो आणि ओजस काहीतरी लपवताहेत. मालयान येईपर्यंत थांबायचं म्हणतात."

लविना सावकाश म्हणाली, "म्हणतात? कुणाला म्हणतात?"

"म्हणजे... त्यांच्या बोलण्यावरून वाटतं."

"हं," लविना म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी लविनानं नेल्सनला काय विचारलं, ते शाल्मलीला कळलं नाही. पण सोमवारपासून नेल्सन रेडिओवर फक्त कामाचं बोलू लागला. "पेटी बदलली. तपासून घ्या." पूर्वी तो तिला 'घे' म्हणायचा.

मालयान यायला दोन दिवस उरले असताना पूरकनं ओजसच्या आवाजात वाक्य ऐकवलं, "तिला हातच लावू द्यायचा नाही." आणि लगेच नेल्सनच्या आवाजात, "हात सोडून देऊ."

खारकरांनी ते तीनदा ऐकलं. "हात सोडून देऊ म्हणजे? स्थानकापासून सुटा करणार?"

"तसंच असेल असं नाही, सर."

"मग कसं?"

खारकर उठून काचेशी गेले. खाली खाडीतून कंटेनरची जहाजं बंदराकडे सरकत होती. "आतून हात चालवायची परवानगी आपण बंद करायची. परवा सकाळी, ऐन वेळी. तू इथून मालयान पकडायचंस."

"पाऊण सेकंदाच्या अंतरानं? सरावात दहात दोनदा माझा पंजा खुंट्यावर आपटलाय. खरं यान तसं उडालं तर थेट स्थानकावर जाईल."

"आणि वरचा माणूस फिरलेला असेल तर?" खारकर म्हणाले. "हे तूच शोधलंस, शाल्मली. मी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरावाला म्हणून तळमजल्याच्या दालनात गेली. तिथं हाताची हुबेहूब प्रतिकृती उभी होती आणि समोर स्थानकाच्या भिंतीसारखंच बनवलेलं एक धातूचं पिंप होतं. खुंट्याला पंजा लावण्याचा सराव करता करता तिची नजर त्या पिंपाकडे गेली आणि एक साधा प्रश्न तिला पडला. तो इतके दिवस का पडला नाही, याचंच तिला नंतर आश्चर्य वाटत राहिलं. पूरक जे ऐकवते ते खरोखर बोललं गेलंय का, हे तिनं एकदाही तपासलं नव्हतं. तपासायचं तर मूळ बोलणं माहीत असायला हवं, आणि वरचं मूळ बोलणं तिला कुठं माहीत होतं?

कॅन्टीनच्या भोईरमावशी चहा घेऊन आल्या होत्या. शाल्मली म्हणाली, "मावशी, पाच मिनिटं माझं एक काम करा. या पिंपात बसा आणि काहीतरी बोला."

"पिंपात? आनि बोलू काय?"

"काहीही. आज जेवायला काय आहे ते सांगा."

मावशी पदर सावरून आत शिरल्या. शाल्मलीनं झाकण लावलं, पिंपातला पंखा चालू केला, हाताचा पंजा बाहेरून टेकवला आणि कानाला यंत्र लावलं. आत मावशींनी काय म्हटलं ते पिंपातल्या साध्या मायक्रोफोनवर वेगळं नोंदलं जात होतं: वरण-भात, मटकीची उसळ, कोबीची भाजी, ताक, मच्छी बुधवारशिवाय नाही.

कानात नेल्सन म्हणाला, "शाल्मलीला सांगू नकोस. मालयान येईपर्यंत थांबू."

तोच आवाज होता, तीच लकब, शेवटचा शब्द तसाच ओढलेला.

"झाला काय गो?" मावशींनी आतून विचारलं.

आणि कानात ओजस म्हणाला, "तिला कळलं वाटतं."

तिनं मावशींना बाहेर काढलं, त्यांचे आभार मानले आणि झाकण पुन्हा लावलं. आता आत फक्त पंखा होता. ती ऐकत उभी राहिली. थोडा वेळ नुसती घरघर आली. मग घरघरीतूनच सावकाश, अगदी खासगी सुरात नेल्सन बोलला, "ती ऐकतेय."

शाल्मलीनं यंत्र कानावरून ओढून काढलं.

कसं झालं हे समजायला तिला वेळ लागला नाही. पहिलं वाक्य पूरकनं चुकून जुळवलं असेल, किंवा खरंही असेल. तिनं त्याला बरोबर ठरवलं. मग तसंच दुसरं आलं. तिला जे ऐकायची धास्ती होती तेच ती निवडत गेली आणि यंत्र इमानेइतबारे तेच पुरवत गेलं. पंखे वाढल्यावर वाक्यं स्पष्ट झाली, कारण यंत्राला अडवायला खरा हेल उरलाच नव्हता. इतके दिवस ती वरच्या दोन माणसांचं नव्हे, स्वतःच्याच मनातलं त्यांच्या आवाजात ऐकत होती.

ती धावतच खारकरांकडे गेली. त्यांनी दोन्ही ध्वनिमुद्रणं डोळे मिटून ऐकली, मटकीची उसळही ऐकली.

"म्हणजे सगळंच खोटं असं सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "पहिलं वाक्य खरं असू शकतं, असं तूच म्हणतेस. मी उद्याचा निर्णय बदलत नाही."

"सर, खोटं म्हणून टाकून देता येत नाही आणि खरं म्हणून धरता येत नाही, अशा गोष्टीवर आपण दोन माणसांचा जीव टांगतोय."

"मग काय करावं म्हणतेस?"

"त्याला विचारते."

"काय विचारणार? आम्ही चोरून ऐकत होतो, त्यातलं खरं काय, असं?"

"हो," शाल्मली म्हणाली. "तसंच."

त्यांनी परवानगी दिली नाही. नकारही दिला नाही. डोळे मिटून बसून राहिले. शाल्मली नियंत्रण कक्षात आली. सहकारी आपापल्या जागी होते. सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या वाहिनीवर तिनं स्थानकाला हाक मारली.

"बोला," नेल्सन म्हणाला.

"नेल्सन, गळती सापडल्यापासून हात तुमच्या भिंतीला लावून मी तुमचं बोलणं ऐकत होते. यंत्र त्यातले शब्द भरत होतं. ते शब्द खोटे होते, हे आज कळलं. आमच्या कॅन्टीनच्या मावशींनी जेवणाचा बेत सांगितला, त्याचं यंत्रानं तुझ्या आवाजात कारस्थान केलं. त्या खोट्या बोलण्यावरून उद्या हात तुझ्याकडून काढून घ्यायचं ठरलंय. तुझ्यावर संशय घेणारी मीच. चूक माझी आहे."

वर पंखे फिरताना ऐकू येत होते. शांतता इतकी लांबली, की संपर्क तुटला असं वाटून कुणीतरी तपासलंसुद्धा.

मग नेल्सन म्हणाला, "सगळंच खोटं नव्हतं."

शाल्मलीनं वाहिनीचा आवाज वाढवला.

"माझा डावा डोळा गेलाय थोडा. वजन नसलं की डोक्यात रक्त जास्त साचतं, डोळ्याच्या मागे सूज येते. माहीत आहे तुला, होतं काहींना. सरळ रेघ वाकडी दिसते. अंतराचा अंदाज चुकतो. ओजसनं माझ्या तपासणीच्या जागी मागच्या महिन्याची तपासणी पाठवली. त्याला दोष देऊ नका, मी गळ घातली त्याला. कळलं असतं तर मला खाली आणलं असतं, आणि परत वर कुणी पाठवलं नसतं."

"आणि उद्या?" शाल्मलीचा आवाज चढला. "एका डोळ्यानं मालयान पकडणार होतास?"

"जमेल असं वाटत होतं."

"मला सांगणार नव्हतास?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"ते ठरलं नव्हतं," नेल्सन म्हणाला.

मागे खारकर येऊन उभे होते. शाल्मलीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता ते म्हणतील, बघ, शेवटी लपवतच होते. पण ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि या वेळी डोळे उघडे ठेवून म्हणाले, "मालयान परत पाठवता येत नाही. हवा पुरणार नाही. काय करायचं, बोल."

तिनं वाहिनी पुन्हा उघडली. "नेल्सन, तुझा हात चांगला आहे, डोळा नाही. ओजसला डोळे आहेत, पण त्यानं हात कधी चालवलेला नाही. मी इथून उशिरा बघणार, पण मनगटाचं मोजमाप मला नीट वाचता येतं. तिघं मिळून पकडू. चालेल?"

"तुला चालेल का?" त्यानं विचारलं.

"चालवून घेऊ," ती म्हणाली.

मालयान सकाळी आलं. समोर तरंगत राहिलं, एखादी होडी नांगराशिवाय थांबावी तसं, किंचित डावीकडे झुलत. ओजस खिडकीला नाक लावून अंतर सांगत होता. नेल्सन त्याच्या शब्दांवर हात पुढे नेत होता. त्यानं डाव्या डोळ्याला पट्टी बांधली होती, म्हणजे वाकडी रेघ बघून हात वळवायचा मोह नको.

"डावीकडे एक वीत. थोडं खाली. थांबा, तुस्कानोसर. यान वळतंय."

"किती?"

"सांगता येत नाही... थांबा. आता परत येतंय."

शाल्मलीच्या पडद्यावर हे सगळं पाऊण सेकंद जुनं होतं. तिनं चित्राकडे पाहणं सोडलं आणि मनगटाच्या आकड्यांवर नजर ठेवली. अखेर पंजा खुंट्याला लागला. आकडा उसळला, पण एकाच बाजूला.

"तिरका लागलाय," ती ओरडली. "मिटू नकोस! मागं घे."

तिचा आवाज वर पोचायच्या आतच नेल्सनची बोटं थांबली होती. ओजसच्या श्वासावरून की स्वतःच्या बोटांच्या जाणिवेनं, ते त्यालाही सांगता आलं नाही. यान थोडं दूर सरकलं. त्यांनी वाट पाहिली. झोका मंदावला. दुसऱ्या वेळी आकडा चारी बाजूंनी सारखा चढला.

"मिट," शाल्मली म्हणाली.

पंजा मिटला. कक्षात टाळ्या वाजल्या. वर ओजस रडत होता की हसत होता, ते कळत नव्हतं, आणि ते कळून घ्यायची शाल्मलीला इच्छा नव्हती. तिनं स्वतः हात मुक्कामाच्या कडीवर नेऊन ठेवला.

त्याच यानाच्या परतीच्या कुपीतून नेल्सन खाली आला. ओजसला ताकीद मिळाली, खारकरांची दुसरीकडे नेमणूक झाली. पूरक बंद झाली. मात्र भिंतीला टेकून ऐकायची सोय काढून टाकावी की नाही, यावर समितीच्या बैठका चालू राहिल्या. कारण पुढची गळती शोधायला तीच लागणार होती. शाल्मलीनं समितीला एवढंच सांगितलं, की ऐकणाऱ्यांत मला धरू नका.

महिन्याभरानं ती गासला गेली. नेल्सन पडवीत बसला होता. पायांत अजून पुरती ताकद आली नव्हती आणि डाव्या डोळ्यावर जाड भिंग होतं. आधी डॉक्टर, औषधं, मुलीची शाळा असं बोलणं झालं. मग तो म्हणाला, "एक विचारू? यंत्र चुकतंय हे कळलं नसतं, तर मला विचारलं असतंस?"

तिला 'हो' म्हणायचं होतं. "नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळीच तुझा हात बंद केला असता."

त्यानं मान डोलावली. "मीही बोललो नसतो." मग म्हणाला, "म्हणजे बरोबरी झाली म्हणायची," आणि कसनुसा हसला. तिला ते हसू खरं वाटलं. खरं आहे की नाही याचा विचार आपण करतो आहोत, हेही तिच्या लक्षात आलं.

निघताना लविना फाटकापर्यंत पोचवायला आली. चाफ्याच्या रांगांमधून दोघी न बोलता चालल्या. फाटकाशी लविना थांबली.

"त्यानं माझ्यापासून लपवलं, त्याचं मी त्याच्याशी बघून घेईन. तुला एकच विचारायचं होतं. रविवारी आमचे फोन व्हायचे तेव्हा हात भिंतीला असायचा?"

शाल्मलीनं खोटं बोलायचा विचार केला. "असायचा," ती म्हणाली. "पण लविना, शब्द एकही खरा पोचत नव्हता. शब्द सगळे यंत्राचे होते."

"शब्द यंत्राचे," लविना म्हणाली. "मी त्याच्यापुढे रडले त्या रविवारी, ते पण यंत्राचं होतं काय गं?"

शाल्मलीला तो रविवार आठवला. कानात एक लांब, शब्दांवाचूनचा हेल आला होता. यंत्रानं त्यात काहीही भरलं नव्हतं. तिनं तो पंपाचा आवाज समजून पुसून टाकला होता.

"नाही," ती म्हणाली. "ते तुझंच होतं."

लविनानं फाटक उघडलं, शाल्मली बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं, आणि मागून आतली कडी लावून घेतली.